लेडी मार्गारेट बोफर्ट : एका विद्यामंदिराची जन्मदात्री

रँग्लर परांजपे हे नाव ज्याच्या कानावरून गेले नाही असा सुशिक्षित मराठी मनुष्य विरळा. दापोली तालुक्यातील मुर्डी ह्या लहानशा खेड्यात जन्मलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ह्यांनी इ. स. १८९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या बरोबरीने पहिला क्रमांक मिळविला आणि सीनियर रँग्लर हा बहुमान संपादन करणारे ते पहिले हिंदी गृहस्थ ठरले. ही हकीकत आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल. परंतु ज्या कॉलेजात राहून परांजप्यांनी हे यश मिळविले, ते सेंट जॉन्स कॉलेज कोणी स्थापिले, असा प्रश्न केला तर उत्तर देणारा क्वचितच सापडेल. ते स्थापिले एका स्त्रीने. आणि तीही अशी की, त्या काळी सर्व विद्येची भाषा जी लॅटिन, ती तिला लहानपणी कोणी नीट शिकविली नव्हती. स्वतःला जे मिळाले नाही ते इतरांस मिळावे म्हणून सर्वस्व वेचणाऱ्या ह्या स्त्रीचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

लेडी मार्गारेट बोफर्ट ह्यांचा जन्म ता. ३१ मे १४४३ रोजी इंग्लंडातील बेडफर्डशायर परगण्यात ब्लेट्सो येथे झाला. वडील जॉन बोफर्ट हे सॉमरसेटचे ड्यूक असून त्यांच्या घराण्याचा संबंध राजकुलाशी होता. राजा तिसरा एडवर्ड ह्याचा पुत्र जॉन ऑफ गाँट ह्याची मार्गारेट ही पणती. असे मोठे कुळ व अफाट जहागीर घेऊन ती जन्मास आली खरी, परंतु तिचा पहिला वाढदिवस येण्यापूर्वीच तिच्या डोक्यावरील पितृछत्र हरपले. पोरक्या वारसाचे पालकत्व राजाच्या हाती जावे आणि राजाने ते मर्जीतल्या सरदारास बक्षीस द्यावे, असा त्या देशाचा तेव्हाचा रिवाज होता. पालकत्व ज्याच्याकडे जाई, त्याच्या हाती त्या मुलाची इस्टेट तर जाईच, शिवाय त्याचे लग्न कोणाशी लावावे हेही तोच ठरवी. त्याप्रमाणे ही चिमुकली मुलगी प्रथम सफोकच्या ड्यूककडे गेली व त्याच्या मुलाशी तिचे लग्न ठरविण्यात आले. पुढे सफोकचे दैव फिरले, ते लग्न रद्द झाले, आणि १४५३ मध्ये राजा सहावा हेन्री ह्याने तिचे पालकत्व आपल्या सावत्र भावांच्या हवाली केले. तिला काय हवे, हे विचारण्याची गरज कोणासही फारशी वाटली नाही.

त्या दोघा भावांपैकी थोरला एडमंड ट्यूडर ह्याच्याशी १४५५ साली मार्गारेटबाईंचा विवाह झाला. वधूचे वय बारा, वराचे पंचविसाच्या आसपास. बालविवाहाची चाल केवळ आपल्याच देशात होती असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लग्नास वर्ष होते न होते तोच एडमंड शत्रूच्या कैदेत सापडला व १४५६ च्या नोव्हेंबरात वेल्समधील कारमार्थन येथे प्लेगने मरण पावला. मार्गारेटबाई त्या वेळी गरोदर होत्या. दिराच्या आश्रयास पेंब्रोकच्या किल्ल्यात जाऊन, तेथेच ता. २८ जानेवारी १४५७ रोजी, ऐन हिवाळ्यात, त्यांनी एका मुलास जन्म दिला. त्या वेळी त्यांस चौदावे वर्षही पुरे झाले नव्हते. कोवळ्या शरीरावर मातृत्वाचा भार पडल्यामुळे आई व मूल दोघेही मरणाच्या दारातून परत आली. त्यानंतर त्यांस पुन्हा मूल झाले नाही. मुलाचे नाव हेन्री ठेवण्यात आले, आणि ह्या एका मुलाभोवती त्या मातेचे पुढील अर्धशतकाचे आयुष्य फिरत राहिले.

तो काळ इंग्लंडच्या इतिहासात मोठ्या यादवीचा होता. लँकेस्टर व यॉर्क ह्या राजघराण्याच्या दोन शाखा गादीसाठी एकमेकींशी झुंजत होत्या. यॉर्क पक्षाचे चिन्ह पांढरा गुलाब आणि लँकेस्टर पक्षाचे तांबडा, म्हणून पुढे ह्या युद्धांस गुलाबांची युद्धे असे नाव पडले. मार्गारेटबाई लँकेस्टर घराण्याच्या. १४५८ मध्ये त्यांनी सर हेन्री स्टॅफर्ड ह्यांच्याशी पुनर्विवाह केला होता. पण १४६१ मध्ये यॉर्क पक्षाचा चौथा एडवर्ड गादीवर आला आणि त्याने छोट्या हेन्रीचे पालकत्व आपल्या पक्षाच्या विल्यम हर्बर्ट ह्या सरदारास विकत दिले. आईवर जो प्रसंग बाळपणी आला होता, तोच पाच वर्षांच्या मुलावर आला. आईने पत्रे धाडावीत, कधी परवानगी मिळाली तर भेटून यावे, एवढाच संबंध उरला. १४७१ साली लँकेस्टर पक्षाचा पुरता पाडाव झाला. त्याच वर्षी बाईंचे पती स्टॅफर्ड लढाईतील जखमांनी खंगून वारले, आणि चौदा वर्षांचा हेन्री काकासह समुद्रापलीकडे ब्रिटनी प्रांतात पळून गेला. प्रभू रामचंद्रांचा वनवास चौदा वर्षांचा होता. हेन्रीचा परदेशवासही तितकाच ठरला. कौसल्येप्रमाणे ही माताही पुत्राची वाट पाहत राहिली. परंतु केवळ वाट पाहून ती स्वस्थ बसली नाही.

१४७२ मध्ये त्यांनी लॉर्ड टॉमस स्टॅन्ली ह्या वजनदार यॉर्कपक्षीय सरदाराशी विवाह केला. हे लग्न मुख्यतः व्यवहाराचे होते. त्यामुळे त्यांस राजदरबारात स्थान मिळाले व मुलाला क्षमा मिळवून परत आणण्याची खटपट करता येऊ लागली. ती खटपट फळास येते न येते तोच १४८३ मध्ये चौथा एडवर्ड मरण पावला. त्याचा भाऊ तिसरा रिचर्ड ह्याने गादी बळकावली आणि एडवर्डचे दोघे लहान मुलगे लंडनच्या किल्ल्यातून नाहीसे झाले. रिचर्डच्या राज्यारोहणप्रसंगी नव्या राणीच्या वस्त्राचा मागील घोळ उचलून चालण्याचा मान मार्गारेटबाईंस मिळाला होता. पुढील थोड्याच महिन्यांत त्यांनी त्या राजाविरुद्ध कट रचला. एडवर्डची विधवा राणी वेस्टमिन्स्टर येथे देवालयाच्या आश्रयास राहत होती. दोघींचा वैद्य एकच होता. त्या वैद्याच्या तोंडी निरोप जात येत राहिले व दोन दुःखी मातांनी असे ठरविले की, एकीचा मुलगा हेन्री व दुसरीची मुलगी एलिझाबेथ ह्यांचे लग्न लावावे आणि दोन्ही गुलाब एकत्र आणावे. त्या वर्षीचे बंड मात्र फसले. मार्गारेटबाईंवर राजद्रोहाचा ठपका आला. त्यांची सर्व जहागीर काढून नवऱ्यास देण्यात आली व त्यांस त्याच्याच नजरकैदेत ठेवण्यात आले. स्टॅन्लीची मर्जी राखणे राजास भाग होते, म्हणूनच त्यांचा जीव वाचला. निरोपांचे दळणवळण तरीही थांबले नाही.

ता. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या रणांगणावर तिसरा रिचर्ड पडला आणि हेन्री ट्यूडर हा सातवा हेन्री म्हणून इंग्लंडचा राजा झाला. पुढच्याच वर्षी ठरल्याप्रमाणे एलिझाबेथशी त्याचा विवाह होऊन यादवीचा मुख्य भर ओसरला. मुलाचा राज्याभिषेक पाहताना ह्या मातेच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा लागल्या होत्या, असे त्यांच्या धर्मगुरूंनी पुढे सांगितले आहे. ते अश्रू केवळ आनंदाचे नव्हते. सुखाच्या शिखरावरही दुःखाचे भय त्यांस सोडीत नसे. ज्यांचे बालपण दुसऱ्यांच्या हुकमाने गेले, त्यांस दैवाच्या चंचलपणाचा असा धसका बसावा ह्यात नवल ते काय?

राजमाता झाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट मिळविली ती स्वातंत्र्याची. त्या काळच्या कायद्याने विवाहित स्त्रीची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात असे. १४८५ च्या पार्लमेंटने खास ठराव करून मार्गारेटबाईंस स्वतःच्या नावाने जमीनजुमला बाळगण्याचा व व्यवहार करण्याचा हक्क दिला. पुढे त्यांनी जी दाने केली, त्यांचा पाया हा ठराव होय. १४९९ मध्ये पतीच्या संमतीने ब्रह्मचर्याचे व्रत घेऊन त्या नॉर्थँप्टनशायरमधील कॉलिवेस्टन येथे स्वतंत्रपणे राहू लागल्या. पहाटे पाचच्या सुमारास उठून त्या प्रार्थनेस बसत. आपल्या घरी बारा गोरगरिबांस ठेवून त्यांचे अन्नवस्त्र त्या चालवीत व त्यांच्या आजारपणात स्वतः शुश्रूषा करीत. आसपासच्या मुलखातील तंटेही राजाच्या वतीने त्यांच्यापुढे निवाड्यास येत. हिशेब त्या काटेकोर ठेवीत. येणे असलेला पैसा पिढ्यान्‌पिढ्या थकला असला तरी सोडून देण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

त्यांच्या मनाची ओळख पटविणारी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. राजाने आपली थोरली मुलगी स्कॉटलंडच्या राजास देण्याचा बेत केला होता. १४९८ मध्ये ती मुलगी अवघी आठ वर्षांची होती. लग्न ठरविण्यास हरकत नाही, पण मुलीला इतक्या लहान वयात सासरी धाडू नये, नाही तर तिच्या प्रकृतीस कायमचा अपाय होईल, असा आग्रह राणीने व आजीने धरला, आणि राजाने तो परदेशी वकिलापुढे बोलून दाखविला. पुढे १५०३ पर्यंत ती मुलगी आईबापांच्या घरीच राहिली. पेंब्रोकच्या किल्ल्यातली ती हिवाळ्याची रात्र आजी विसरली नव्हती. स्वतः भोगलेले दुःख पुढच्या पिढीला भोगावयास लावणारी माणसे जगात थोडी नाहीत. मार्गारेटबाई त्यांतल्या नव्हत्या.

हीच वृत्ती विद्येच्या बाबतीतही दिसते. बाईंस फ्रेंच उत्तम येई. फ्रेंचमधून इंग्रजीत त्यांनी धर्मपर पुस्तकांची भाषांतरे केली व ती छापूनही निघाली. ख्रिस्तानुकरण ह्या जगप्रसिद्ध ग्रंथाचा चौथा भाग इंग्रजीत आणण्याचे श्रेय त्यांचेच. इंग्लंडात छापखाना नुकता कोठे सुरू झाला होता. पहिले इंग्रज मुद्रक कॅक्स्टन ह्यांस त्यांनी आश्रय दिला. परंतु लॅटिन मात्र त्यांस यथातथाच येई. प्रार्थनापुस्तकातील सूचना कळण्यापुरतेच त्यांचे ज्ञान होते. तरुणपणी ही भाषा आपण शिकलो नाही, ह्याची हळहळ त्या वारंवार बोलून दाखवीत. तेव्हाचे धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक व तत्त्वज्ञान हे सारे लॅटिनच्या कुलुपात बंद होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या हळहळीचा अर्थ कळतो. इंग्लंडच्या राजाची माता, पण विद्येच्या घराबाहेर उभी!

ह्या घराचे दार त्यांच्या पैशाने इतरांसाठी उघडले, ते जॉन फिशर ह्यांच्या मार्गदर्शनामुळे. फिशर हे यॉर्कशायरमधील बेव्हर्ली गावच्या एका व्यापाऱ्याचे पुत्र. केंब्रिज विद्यापीठाच्या कामासाठी १४९५ च्या सुमारास ते दरबारी आले असता बाईंची त्यांची गाठ पडली. पुढे ते त्यांचे धर्मगुरू झाले आणि १५०४ मध्ये रॉचेस्टरचे बिशप व विद्यापीठाचे चॅन्सलर ह्या पदांस चढले. बाईंच्या मनात वेस्टमिन्स्टरच्या मठास मोठी देणगी द्यावयाची होती. त्या मठाला पैशाचा तोटा नाही, खरी गरज आहे ती शिकू इच्छिणाऱ्या निर्धन तरुणांना, हे फिशर ह्यांनी त्यांस पटवून दिले. १५०२ मध्ये ऑक्सफर्ड व केंब्रिज ह्या दोन्ही ठिकाणी बाईंनी धर्मशास्त्राच्या अध्यापकाची जागा कायमची नेमून दिली. व्याख्याने ऐकणाऱ्यांकडून फी घ्यावयाची नाही, अशी त्यांची अट होती. ह्या जागा आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. सुप्रसिद्ध पंडित इरॅस्मस ह्यांनी केंब्रिज येथे काही काळ ही जागा भूषविली होती.

येथे आमच्या विद्यार्थ्यांसाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. केंब्रिज येथे विद्यापीठ व कॉलेज ह्या दोन निरनिराळ्या संस्था आहेत. व्याख्याने, परीक्षा व पदव्या हे विद्यापीठाचे काम. तर विद्यार्थ्यांस राहावयास जागा, जेवणखाण, ग्रंथालय, प्रार्थनामंदिर आणि दोघातिघांस जवळ बसवून शिकविणारे गुरू पुरविणे हे कॉलेजाचे काम. आपल्याकडील गुरुगृहाच्या कल्पनेशी तेथील कॉलेजाचे बरेच साम्य आहे. फेलो म्हणजे कॉलेजाच्या उत्पन्नावर राहून अध्ययन व अध्यापन करणारे विद्वान. तेथील सर्वांत जुने कॉलेज पीटरहाउस हे १२८४ मधले असून आज तेथे एकतीस कॉलेजे आहेत. गरीब मुलगा कॉलेजात घेतला गेला तरच त्यास तेथे टिकून राहणे शक्य होई. म्हणून कॉलेज स्थापणे म्हणजे विद्येचे अन्नछत्र उघडणेच होते.

मार्गारेटबाईंनी अशी दोन अन्नछत्रे उघडली. गॉड्स हाउस नावाची एक लहानशी संस्था पैशावाचून रखडत होती. १५०५ मध्ये तिला नवे उत्पन्न लावून देऊन त्यांनी तिचे क्राइस्ट्स कॉलेज केले. ह्याच कॉलेजात पुढे महाकवी मिल्टन व जीवशास्त्रज्ञ डार्विन शिकले, आणि आपले जगदीशचंद्र बोसही. दुसरी योजना त्याहून मोठी होती. सेंट जॉन ह्या नावाने केंब्रिज येथे सुमारे तीनशे वर्षांपूर्वीचे एक धर्मार्थ रुग्णालय होते. ते कर्जात बुडून मोडकळीस आले होते व तेथे मूठभर लोक उरले होते. त्या जागी एक विशाल कॉलेज उभारावयाचे असे बाईंनी योजिले. परंतु कागदपत्रे पुरी होण्यास दिरंगाई झाली. ता. २१ एप्रिल १५०९ रोजी राजा सातवा हेन्री मरण पावला. ज्या मुलासाठी मातेने चौदा वर्षे डोळ्यांत प्राण आणले होते, तो तिच्या आधी गेला. नातू आठवा हेन्री ह्याचा राज्याभिषेक जूनच्या २४ तारखेस झाला आणि २९ जूनला मार्गारेटबाईंनी वेस्टमिन्स्टर येथे देह ठेवला. त्यांच्या थडग्यावर इटालियन शिल्पकार तोरिजानो ह्याने घडविलेला मुलामा दिलेला ब्राँझचा पुतळा आहे. त्यातील जोडलेल्या हातांवरील म्हातारपणाच्या सुरकुत्या पाहणाऱ्यास आजही थबकवितात.

सेंट जॉन्सचे काय झाले? त्या कॉलेजासंबंधीचा लेख मृत्युपत्रास विधिपूर्वक जोडला जाण्यापूर्वीच बाई गेल्या होत्या. नवा राजा वारस ह्या नात्याने आजीच्या जमिनींवर हक्क सांगू लागला. रुग्णालयावर ज्यांची सत्ता होती ते ईलीचे बिशप बाईंचे सावत्र पुत्रच होते, पण त्यांनीही संमती देण्यास वेळ लावला. फिशर ह्यांनी मात्र हार खाल्ली नाही. त्यांनी राजदरबारी व कचेऱ्यांत खेटे घातले, जे वाचविता आले ते वाचविले, आणि ता. ९ एप्रिल १५११ रोजी कॉलेजाची सनद करविली. १५१६ मध्ये कॉलेज उघडले. तरी बाईंच्या जमिनींचा मोठा भाग राजाने घेतलाच. ती तूट भरून काढण्यास हायम व ब्रूमहॉल येथील जोगिणींचे दोन लहान मठ बंद करून त्यांचे उत्पन्न कॉलेजास जोडण्यात आले. स्त्रीने स्थापिलेल्या, पुरुषांच्या कॉलेजासाठी स्त्रियांची दोन घरे मिटली. इतिहासाची गती अशी विचित्र असते. पुढे राजाने स्वतःस इंग्लंडच्या धर्मसंस्थेचा मुख्य म्हणविले, त्यास संमती देण्याचे फिशर ह्यांनी नाकारले, आणि ता. २२ जून १५३५ रोजी मार्गारेटबाईंच्या नातवाच्या आज्ञेने त्यांच्या ह्या विश्वासू मित्राचा शिरच्छेद झाला.

माणसे गेली, पण कॉलेज राहिले. त्याच्या महाद्वारावर आजही मार्गारेटबाईंचे चिन्ह कोरलेले दिसते : किल्ल्याच्या दारात वरखाली सरकणारी लोखंडी जाळी व भोवती डेझीची फुले. फ्रेंच भाषेत त्या फुलाचे नावच मार्गारेट. आत एकामागून एक चौक आहेत, जणू मोठा वाडाच. पहिला चौक स्थापनेच्या वेळचा. दुसरा १५९८ ते १६०२ ह्या काळात बांधला गेला आणि त्यासही पैसा दिला तो श्रूझबरीची काउंटेस मेरी ह्या स्त्रीनेच. तिचा पुतळा त्या चौकाच्या दारावर आहे. मागून कॅम नदी वाहते व तिच्यावर १८३१ मध्ये बांधलेला नक्षीदार छताचा पूल आहे. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या प्रार्थनामंदिराच्या मनोऱ्यावरून दर वर्षी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणास गायकवृंद गीत गातो. कॉलेजाचा नौकाक्लब १८२५ मधला असून त्याला लेडी मार्गारेट ह्यांचेच नाव आहे. त्या क्लबाच्या भडक तांबड्या कोटांवरूनच ब्लेझर हा शब्द निघाला, असे सांगतात. तेव्हा आमच्या वाचकांपैकी जे ब्लेझर घालून मिरवितात त्यांनीही ह्या बाईंचे थोडे ऋण मानावे! भोजनगृहात त्यांचे प्रार्थनामग्न चित्र टांगलेले आहे.

त्या भोजनगृहात जेवून गेलेल्यांची यादी मोठी आहे. टॉमस क्लार्कसन ह्यांनी १७८५ मध्ये गुलामगिरीवर लॅटिन निबंध लिहून विद्यापीठाचे बक्षीस मिळविले. निबंध लिहिताना जे वाचले ते त्यांच्या मनास चैन पडू देईना. त्यांनी आयुष्य त्या कामास वाहिले, आणि त्याच कॉलेजाचे विल्यम विल्बरफोर्स ह्यांनी पार्लमेंटात लढा देऊन १८०७ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातील गुलामांचा व्यापार कायद्याने बंद करविला. जी लॅटिन मार्गारेटबाईंस आली नाही, तिच्यातून असेही फळ निघाले. कवी वर्ड्‌स्वर्थ, पदार्थविज्ञानवेत्ते डिरॅक, पंजाबातील झंग गावचे अब्दुस सलाम, आणि १९५५ ते १९५७ मध्ये तेथे अर्थशास्त्र शिकून २००४ ते २०१४ पर्यंत भारताचे पंतप्रधान राहिलेले डॉ. मनमोहनसिंग हे सारे सेंट जॉन्सचेच.

परंतु ह्या नामावळीत एकही स्त्री नाही, हे वाचकांच्या ध्यानी आले असेल. त्याचे कारण सरळ आहे. स्त्रीने स्थापिलेल्या ह्या कॉलेजाचे दार स्त्रियांना बंद होते. केंब्रिज येथे मुलींसाठी गर्टन व न्यूनम ही कॉलेजे एकोणिसाव्या शतकात निघाली, तरी परीक्षेस बसणाऱ्या मुलींना पदवी मिळत नसे. १८९० साली न्यूनमच्या फिलिपा फॉसेट हिने गणितात सीनियर रँग्लरहूनही अधिक गुण मिळविले. त्या वर्षीचा सीनियर रँग्लर सेंट जॉन्सचाच होता. बहुमान त्याला मिळाला, फॉसेटला नाही. १८९७ मध्ये स्त्रियांना पदव्या द्याव्यात असा ठराव आला, तेव्हा तो मोठ्या बहुमताने फेटाळला गेला आणि तरुण विद्यार्थ्यांनी रस्त्यात जल्लोष केला. परांजपे त्या वेळी तेथेच शिकत होते. पुढे त्यांची कन्या शकुंतला ह्याही गणित शिकण्यास केंब्रिजला गेल्या, त्या न्यूनम कॉलेजात. कारण वडिलांच्या कॉलेजात मुलीस जागाच नव्हती. इकडे परांजप्यांचेच आप्त महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांनी १९१६ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ काढले होते. केंब्रिजने स्त्रियांस पूर्ण पदव्या दिल्या त्या १९४८ मध्ये. सेंट जॉन्समध्ये १९८१ साली पदव्युत्तर विद्यार्थिनी व १९८२ मध्ये पदवीच्या विद्यार्थिनी घेण्यात आल्या. कॉलेजाच्या प्रमुखपदी प्रथम स्त्री आली ती २०२० मध्ये, आणि शतकानुशतके केवळ मुले व पुरुष ह्यांचा असलेला गायकवृंद मुलींस व स्त्रियांस खुला झाला तो २०२२ मध्ये. मार्गारेटबाईंच्या मृत्यूस तोवर पाचशेंहून अधिक वर्षे लोटली होती.

ह्या चरित्रापासून काय घ्यावे? राजकारणातील डावपेच हा त्यांच्या आयुष्याचा एक भाग होता. तो त्या काळाबरोबर गेला. ज्या मुलासाठी त्यांनी एवढे केले, त्याचे ट्यूडर घराणेही १६०३ मध्ये संपले. उरले ते विद्येचे दान. मात्र दान उरले तरी ते आपोआप पुरे झाले नाही, हेही ह्या कथेतून कळते. दार बांधणाऱ्याने ते एकदा बांधले. पुढील प्रत्येक पिढीने ते आणखी कोणासाठी उघडावयाचे, हे ठरवावे लागले, आणि तेथे ते ठरविण्यास फार उशीर झाला.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही ज्या बाकावर बसता तो कोणाच्या तरी देणगीचा, कष्टांचा वा काटकसरीचा आहे. देणाऱ्याचे नाव तुम्हांस ठाऊक असेल किंवा नसेल, पण घेतलेले वाया न घालविणे एवढी परतफेड तरी तुमच्या हाती आहे. पालकांस आमची विनंती अशी की, आपल्या घरात कोणाचे शिक्षण चालू ठेवावे व कोणाचे थांबवावे असा प्रश्न येईल तेव्हा लॅटिनसाठी हळहळणाऱ्या त्या राजमातेची आठवण करावी. तिला धनाची, मानाची, सत्तेची वाण नव्हती. वेळेवर कोणी शिकविले नाही, एवढीच उणीव होती, आणि ती तिला शेवटपर्यंत सलत राहिली. तशी हळहळ आपल्या घरच्या मुलीच्या वाट्यास येऊ न देणे हे आज आपल्या हाती आहे.